पाचशे प्रती गेल्या कुठे? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा शोध

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे बघा' काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

गेले काही भाग आपण ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांबद्दल बोलतोय. त्यावर एका श्रोत्याचा प्रश्न आला. प्रश्न असा की, राजे, किल्ले, गुप्त खजिने यांच्या रहस्यकथा आपल्याकडे आहेत, पण एखाद्या जुन्या लेखकाचं किंवा लेखिकेचं आयुष्यच रहस्य आहे आणि त्याचा शोध घ्यायचाय, असं मराठीत काही आहे का?

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या डोक्यात लगेच आलं, कारण मी बुलढाणा जिल्ह्यातली. आमच्याकडे अशी एक गोष्ट आहे. ती कादंबरी नाही, खरी आहे. आणि अजून पूर्ण उलगडलेली नाही.

अकरा दिवस आणि अठ्ठावीस वर्षं

आधी जरा लांबून येऊ. अगाथा ख्रिस्ती सगळ्यांना माहीत आहे. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री ही बाई घरातून गाडी घेऊन निघाली आणि गायब झाली. गाडी सापडली, बाई नाही. सगळ्या इंग्लंडात शोध सुरू झाला. १४ डिसेंबरला ती हॅरोगेट नावाच्या गावी एका हॉटेलात सापडली. तिथे तिने आपलं आडनाव 'नील' असं नोंदवलं होतं, आणि ते आडनाव तिच्या नवऱ्याच्या प्रेयसीचं! पुढे तिचं आत्मचरित्र आलं, त्यात या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर नाही. झालं, लोकांना तेवढंच पाहिजे होतं. त्या अकरा दिवसांवर कादंबरी आली, सिनेमा आला, लेख तर किती आले त्याला गणतीच नाही.

आता बुलढाण्याला या. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक पुस्तक छापलं गेलं, 'स्त्री पुरुष तुलना'. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणा. आज हे पुस्तक भारतातल्या स्त्रीवादी लेखनाच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत धरलं जातं, विद्यापीठांत शिकवलं जातं, त्याचं इंग्रजी भाषांतर झालंय. पण पुस्तक लिहिणारी बाई? जन्म साधारण १८५० चा धरतात, मृत्यू साधारण १९१० चा. हे दोन्ही आकडे 'साधारण'च आहेत. १८८२ नंतर तिचं दुसरं पुस्तक नाही. म्हणजे हिशोब करा, जवळजवळ अठ्ठावीस वर्षं. अगाथाबाईंच्या अकरा दिवसांवर कादंबऱ्या लिहिल्या जातात आणि आपल्या ताराबाईंच्या अठ्ठावीस वर्षांबद्दल आपल्याला प्रश्नसुद्धा पडत नाही.

आज आपण तो प्रश्न विचारू. पण गुप्तहेराच्या शिस्तीने. म्हणजे कागद काय सांगतो, त्यावरून अंदाज काय बांधता येतो आणि निव्वळ कल्पना कुठून सुरू होते, हे तीन कप्पे वेगळे ठेवायचे.

प्रकरण नेमकं काय होतं

कुठल्याही रहस्यकथेत आधी गुन्हा लागतो. इथेही आहे, आणि तो कोर्टात गेलेला आहे.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. आरोप होता स्वतःच्या नवजात बाळाला मारल्याचा. विधवेला मूल झालं म्हणजे अब्रू गेली, जात गेली, घर गेलं, ही त्या काळची परिस्थिती. कोर्टाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. अपिलात फाशी टळली आणि जन्माचं काळं पाणी झालं.

या खटल्यावर वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. 'पुणे वैभव' या पत्राने यानिमित्ताने समस्त बायकांवरच तोंडसुख घेतलं. बायका बिघडल्या, स्वैर झाल्या, अशा चालीवर. त्या बाईला विधवा म्हणून कोणी कोंडून ठेवलं, ते मूल काय एकटीचं होतं का, दुसरा माणूस कुठे गेला, हे प्रश्न त्यात नव्हते.

ते प्रश्न बुलढाण्यातून आले. ताराबाईंनी उत्तर लिहायला घेतलं आणि ते पत्राएवढं न राहता पुस्तकाएवढं झालं. त्यांचा मुद्दा एका वाक्यात सांगायचा तर असा, की जे जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत आहेत की नाहीत ते आधी बघा, आणि मग तुलना करा. नावातच 'तुलना' आहे. विधवेला पुन्हा लग्न करायची बंदी आणि बायको मेलेल्या पुरुषाला मात्र दहाव्या-तेराव्याच्या आधीच नव्या सोयरिकीचे वेध, हे त्यांनी समोरासमोर ठेवलं. स्वतः विलायती कपडे घालून, सुधारणेवर भाषणं ठोकून घरी बायकोला जुना धर्म शिकवणाऱ्यांनाही सोडलं नाही. देवादिकांच्या गोष्टीही तपासायला घेतल्या.

एक लक्षात घ्या. याच्या अठरा-एकोणीस वर्षं आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, ते अशाच विधवांसाठी. म्हणजे विजयालक्ष्मीची गोष्ट एकट्या विजयालक्ष्मीची नव्हती. समाजाला ती चांगली माहीत होती.

पुरावा पहिला: आडनाव

आता लेखिकेकडे वळू. पहिला धागा पुस्तकावरच आहे. नाव छापलंय ताराबाई शिंदे. शिंदे हे कोणाचं आडनाव? वडिलांचं. वडील बापूजी हरी शिंदे, बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनर कचेरीत हेड क्लार्क. ताराबाईंचं लग्न लहानपणीच झालेलं होतं, तरी पुस्तकावर नाव माहेरचं.

याचा उलगडा त्यांच्याबद्दल जे थोडं चरित्र मांडलं गेलंय त्यात होतो. त्यानुसार त्या चार भावांत एकुलती एक बहीण, आणि नवरा घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी आलेला. १८६०-७० च्या वऱ्हाडात घरजावई ही काही मोठी अभिमानाची गोष्ट नव्हती, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण त्यामुळे झालं काय, की ताराबाई सासरी गेल्याच नाहीत. वडिलांची पुस्तकं, वडिलांकडे येणारी माणसं, वडिलांनी शिकवलेलं मराठी, संस्कृत आणि इंग्रजी, हे सगळं लग्नानंतरही त्यांच्याजवळ राहिलं. मुलींची शाळा आसपास नव्हती, शिकवलं ते बापानेच.

आणि बाप साधासुधा कारकून नव्हता. बापूजी सत्यशोधक विचारांचे, महात्मा फुल्यांच्या वर्तुळातले. १८७१ मध्ये त्यांनी स्वतः 'हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्ह्ज' या इंग्रजी नावाचं पुस्तक काढलं होतं. म्हणजे पुस्तक लिहितात कसं, छापखान्याशी बोलतात कसं, पैसे किती लागतात, हे त्या घराला माहीत होतं. ताराबाईंचं पुस्तक काही आभाळातून पडलं नाही.

पुरावा दुसरा: घाट

आता बुलढाणा डोळ्यासमोर आणा. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते, आमच्या जिल्ह्याचे बोलीत दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा घाटावर. रेल्वे घाटाखालून गेली. भुसावळकडून नागपूरला जाणारी ती लाइन १८६७ पर्यंत नागपूरला पोचली. बुलढाण्याला रेल्वे तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. मलकापूरला उतरायचं आणि घाट चढून वर यायचं.

त्यामुळे पुण्याचं वर्तमानपत्र बुलढाण्यात यायचं तर ते मुंबईच्या बाजूने भुसावळ, मलकापूर आणि तिथून घाट चढून यायचं, असा माझा अंदाज. आणि ताराबाईंनी लिहिलेले कागद पुण्याच्या छापखान्यात गेले ते बहुधा याच वाटेने उलटे. हे मी अंदाजाच्या कप्प्यात ठेवतेय. पण अंदाज असला तरी कामाचा आहे. लोक विचारतात ना, की वऱ्हाडातल्या एका कोपऱ्यात बसून या बाईला पुण्यातल्या पत्रात काय छापलं ते कळलं कसं? तर कचेरीचं गाव, घरात सरकारी नोकर, घाटाखाली रेल्वे. बुलढाणा दिसायला आडबाजूला, पण टपालाच्या हिशोबाने फार लांब नव्हतं.

पुरावा तिसरा: त्या काय वाचत होत्या

हा माझा सगळ्यात आवडता धागा, आणि आपल्या विषयाशी थेट जुळणारा.

ताराबाई प्रस्तावनेत स्वतःबद्दल काय सांगतात? आपण मराठमोळ्या घरात कोंडून पडलेली, अल्पबुद्धीची, अनुभव नसलेली बाई आहोत, आणि हे आपलं पहिलंच लेखन आहे, अशा अर्थाचं. आता गुप्तहेराने साक्षीदाराचं म्हणणं ऐकायचं, आणि मग ते तपासायचं. मराठा घराण्यातला पडदा खरा होता, यात शंका नाही. पण अल्पबुद्धी?

पुस्तकात त्या 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' या कादंबऱ्यांना आणि 'मनोरमा' नाटकाला नावानिशी धरतात. 'मुक्तामाला' लक्ष्मणशास्त्री हळब्यांची, १८६१ ची. 'मंजुघोषा' नारो सदाशिव रिसबुडांची, १८६८ ची. त्या काळच्या या अद्भुतरम्य कादंबऱ्या. सुंदर नायिका, दुष्ट माणसं, संकटं, ताटातूट, सुटका, शेवटी गोड. आजच्या भाषेत म्हणायचं तर त्या वेळचे थ्रिलर. पुढे गो. ना. दातारांच्या 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' वगैरेंनी मराठी वाचकाला जी चटक लावली, तिची ही आधीची पिढी.

म्हणजे पडद्यातल्या या बाई कादंबऱ्या वाचत होत्या, नाटकं वाचत होत्या, वर्तमानपत्रं वाचत होत्या. आणि वाचून नुसत्या रमत नव्हत्या, तर विचारत होत्या, की या गोष्टी लिहिणाऱ्यांनी बाईचं जे चित्र काढलंय तशा बायका असतात कुठे? गोष्टीतली बाई आणि घरातली बाई यांचाही त्यांनी ताळा घेतला. मराठी कादंबरी नुकती बाळसं धरत होती, आणि बुलढाण्यातली एक वाचक तिला जाब विचारत होती!

लेखकाच्या आयुष्याचे कागद नसले की त्याचं वाचन बघावं. दिनांक मिळत नाहीत, पण माणूस मिळतो. आपल्याला ताराबाईंचा चेहरा माहीत नसेल, पण त्यांच्या हातात कोणती पुस्तकं होती हे माहीत आहे.

पुरावा चौथा: नऊ आणे

पुस्तकाच्या ५०० प्रती छापल्या, किंमत नऊ आणे. आता तुम्ही म्हणाल, बाईची जन्मतारीख धड माहीत नाही आणि पुस्तकाची किंमत मात्र माहीत, हे कसं?

तर त्या काळात इंग्रज सरकार छापील कागदावर बारीक नजर ठेवून होतं. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापखान्याला नव्या पुस्तकाची नोंद सरकारकडे करावी लागे. नाव, लेखक, छापखाना, पानं, प्रती, किंमत. या नोंदींच्या याद्या दर तीन महिन्यांनी निघत. हेतू काय, तर लोक काय लिहितायत ते कळावं. पण त्यामुळे आज झालंय असं, की माणसांच्या नोंदी हरवल्या तरी त्या काळच्या पुस्तकांच्या नोंदी शोधता येतात. बाईचा जन्म कोणी लिहून ठेवला नाही. पुस्तकाची किंमत मात्र लिहिली गेली.

आता थोडं गणित. ५०० प्रती गुणिले नऊ आणे, म्हणजे ४,५०० आणे. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे सगळ्या प्रती विकल्या गेल्या असत्या तरी २८१ रुपये चार आणे. हा काही धंद्याचा उद्योग नव्हता.

आणि इथेच एक व्यवहारातली गोष्ट सांगून ठेवते, कारण आपल्या श्रोत्यांत शोध घेणारी मुलं-मुली आहेत. ताराबाई वऱ्हाडातल्या, म्हणून वऱ्हाडाच्या दप्तरात शोधत बसलात तर पुस्तक मिळणार नाही. पुस्तक पुण्यात छापलं, म्हणजे ते मुंबई इलाख्याच्या याद्यांत. कुटुंब मात्र बुलढाण्यात, आणि वऱ्हाडाची गंमत तर विचारूच नका. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला, म्हणजे नागपूरकडे. १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० ला महाराष्ट्र. म्हणजे एका घराचे कागद शोधायचे तर हैदराबाद, नागपूर, मुंबई अशी वारी. बापूजींच्या नोकरीचा कागद कुठे असला तर तो या वाटेवर कुठेतरी असेल. ताराबाईंचा? बाई नोकरीत नाही, सातबाऱ्यावर नाही, शाळेच्या दाखल्यावर नाही. तिची नोंद करायला सरकारला कारणच नव्हतं, एक पुस्तक सोडून.

पुस्तकही हरवलं

५०० प्रती म्हणजे अगदी थोड्या नाहीत. तरी हे पुस्तक लोकांच्या नजरेआड गेलं. निघालं तेव्हा टीका झाली, टिंगल झाली, आणि ती केवळ सनातन्यांनी केली असंही नाही. सुधारणेची भाषा बोलणाऱ्यांतही अशी माणसं होती.

त्यांना उत्तर दिलं ते महात्मा फुल्यांनी. १८८५ मध्ये त्यांनी 'सत्सार' काढलं, त्याच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंच्या पुस्तकाची बाजू घेतली आणि हिणवणाऱ्यांचे कान उपटले. तिथे ते ताराबाईंना 'चिरंजीविनी' म्हणतात. हा एक शब्द बघा. आपण लग्नपत्रिकेत 'चि.' कोणासाठी लिहितो? घरच्या लेकरासाठी. फुले १८२७ चे, ताराबाई साधारण १८५० च्या. मित्राची मुलगी, आपल्या घरातली पोर, हा भाव त्या एका शब्दात आहे. फुल्यांचं आणि शिंदे घराण्याचं नातं किती जवळचं असेल, त्याचा हा छापील पुरावा.

इथे एक सावधगिरी. ताराबाई स्वतः सत्यशोधक समाजाच्या संस्थापक सदस्य होत्या, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. समाज स्थापन झाला २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात. वडील त्या विचारांचे होते ही एक गोष्ट, मुलगी संस्थापक होती ही दुसरी गोष्ट. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. कोणीतरी एकदा लिहितो, दुसरा त्याच्यावरून लिहितो, तिसरा दोघांचा आधार देतो. गुप्तहेर इथे थांबतो आणि विचारतो, मूळ कागद कुठाय?

पुढे ऐंशीहून जास्त वर्षं शांतता. मग १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय संपादित केलं. त्यात 'सत्सार'ही आलं, म्हणजे ताराबाईंचं नावही आलं. आणि १९७५ मध्ये याच मालशे यांनी 'स्त्री पुरुष तुलना' पुन्हा छापून लोकांसमोर आणलं. एका कामातून दुसऱ्या कामाचा धागा मिळाला असावा, असं मला वाटतं. अंदाजाचा कप्पा. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्षही होतं, त्यामुळे वाचायला माणसं तयार होती. नंतर विलास खोल्यांनी पुस्तकाची आवृत्ती संपादित केली, १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅनलन यांचं इंग्रजी भाषांतर अभ्यासपूर्ण प्रस्तावनेसह आलं, आणि बुलढाण्याची बाई जगभरच्या अभ्यासक्रमांत गेली.

उंबर्तो एको यांची 'द नेम ऑफ द रोझ' ही १९८० ची कादंबरी आठवा. तिथे मठात खून पडतात आणि सगळ्याच्या मुळाशी एक हरवलेलं पुस्तक असतं. आपल्या गोष्टीतही हरवलेलं पुस्तकच आहे. फक्त इथे कोणी ते लपवून ठेवलं नाही, जाळलं नाही, पानांना विष लावलं नाही. लोकांनी ते नुसतं वाचायचं सोडून दिलं. पुस्तक संपवायला तेवढं पुरतं.

गप्प बसण्याचं रहस्य

आता मुख्य प्रश्न. १८८२ नंतर ताराबाई गप्प का?

सगळीकडे सापडणारं उत्तर असं, की टीका इतकी झाली की त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. शक्य आहे. पण उत्तर जरा उलगडून बघा. आपल्याला माहीत असलेली गोष्ट एवढीच आहे की दुसरं पुस्तक छापलेलं सापडत नाही. 'छापलं नाही' आणि 'लिहिलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत लिहिलं असेल. पत्रांत लिहिलं असेल. दुसऱ्याच्या नावाने छापलं असेल. यातलं काहीही मी ठामपणे म्हणत नाही. 'लिहिलं नाही' असं म्हणायलाही पुरावा नाही, एवढंच म्हणते.

संशयित तसे बरेच. टीका हा एक. पैसा हा दुसरा, कारण छपाईचा खर्च कोणीतरी उचलायला लागतो. वडिलांचा आधार हा तिसरा. तो कधीपर्यंत होता यावर बरंच अवलंबून. आणि चौथा संशयित म्हणजे रोजचं घर. पाणी, चूल, पै-पाहुणे, आजारपणं. रहस्यकथेत असला संशयित चालत नाही, फार नीरस वाटतो. पण बायकांची न लिहिलेली पुस्तकं मोजायला बसलो तर खरा आरोपी बहुतेक वेळा हाच निघेल.

त्याच काळातल्या दुसऱ्या बायका शेजारी ठेवून बघा. पंडिता रमाबाईंचं 'स्त्रीधर्मनीति' त्याच १८८२ सालचं, आणि त्यांच्याबद्दल कपाटभर कागद आहेत, कारण त्या प्रवास करत राहिल्या, संस्था काढल्या, पत्रं लिहीत राहिल्या. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये गेल्या, पण त्यांची पत्रं उरली. अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी लगेच १८८८ मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं, मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं. त्यामुळे १९६८ मध्ये श्री. ज. जोशींना 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी लिहिता आली. कादंबरीकाराने कल्पना लढवली, पण पायाखाली जमीन होती. ज्या बाईची पत्रं उरली तिच्यावर कादंबरी झाली. ताराबाई बुलढाण्यातच राहिल्या, त्यांच्यामागे एक पुस्तक उरलं.

मग कादंबरी लिहायची की नाही?

लिहायची. जरूर लिहायची. पण कशी, ते महत्त्वाचं.

जोसेफिन टे यांची 'द डॉटर ऑफ टाइम' ही १९५१ ची कादंबरी मी मागच्या भागात सांगितली होती. पोलीस अधिकारी पाय मोडून दवाखान्यात पडलेला, आणि पडल्या पडल्या तो तिसऱ्या रिचर्डने खरंच पुतण्यांना मारलं का, याचा तपास करतो. त्याचा नियम सोपा. कोण म्हणतंय हे विचारायचं, आणि तो माणूस तेव्हा तिथे होता का, हे विचारायचं. शेकडो वर्षं पाठ केलेला 'इतिहास' त्या दोन प्रश्नांनी डळमळतो.

आपण मराठी माणसं ऐतिहासिक कादंबरीवर जीव टाकतो आणि मग तिलाच इतिहास समजतो. 'स्वामी' वाचून माधवराव डोळ्यासमोर येतात ते रणजित देसायांचे येतात. राजांच्या बाबतीत ते एक वेळ निभावतं, कारण मागे दप्तरं आहेत, चूक काढायला दहा जण बसलेत. ताराबाईंच्या बाबतीत मागे दप्तर नाही. उद्या कोणी त्यांना घोड्यावर बसवलं, सुरतेला विजयालक्ष्मीच्या भेटीला पाठवलं, तर पाच वर्षांत ते भाषणांत येईल, दहा वर्षांत पाठ्यपुस्तकात. त्यांच्याबद्दल जे थोडं खरं आहे ते त्या खाली गाडलं जाईल. एकदा हरवलेली बाई दुसऱ्यांदा हरवेल, आणि या वेळी कौतुकाने.

म्हणून मला वाटतं, ताराबाईंवरच्या कादंबरीची नायिका त्या नसाव्यात, त्यांचं पुस्तक असावं. पाचशे प्रती छापखान्यातून निघाल्या. कोणी विकत घेतल्या? नऊ आणे कोणी मोजले? कोणत्या घरात प्रत माजघरातल्या बाईपर्यंत पोचली आणि कोणत्या घरात ओटीवरच राहिली? बुलढाण्याला किती आल्या? या प्रश्नांच्या मागे जाताना कल्पना कितीही धावू दे, ताराबाईंच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालावं लागणार नाही. त्यांची वाक्यं पुस्तकात आहेतच, आणि ती आजही चांगली तिखट लागतात.

तुम्ही काय करू शकता

शेवटी थोडं कामाचं. आपल्या जिल्ह्यात जुनी वाचनालयं आहेत, जुने वाडे आहेत, माळ्यावरच्या ट्रंका आहेत. घर पाडताना त्यातले कागद रद्दीत जातात. रद्दीत घालायच्या आधी एकदा उघडून बघा. १८७० ते १९१० मधला काही कागद दिसला, एखादं पत्र, पुस्तकावरची सही, हिशोबाच्या वहीत पुस्तकाची खरेदी, तर त्याचा फोटो काढा. कागद कोणाच्या घरात, कशाबरोबर सापडला ते लिहून ठेवा. कागद फाडू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. आणि जवळच्या कॉलेजच्या मराठी किंवा इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी काही सांगितलं तर तेही लिहून घ्या, पण 'आजी सांगते' असं वर लिहून. आठवण ही आठवण म्हणून मोलाची आहे, तिला दाखला करू नका. ताराबाईंचं म्हणून एखादं चित्र फिरत आलं, तर कोणी काढलं, कधी काढलं, एवढं विचारा आणि मगच पुढे पाठवा.

आणि सगळ्यात सोपं काम म्हणजे पुस्तक वाचा. छोटं आहे, दोन बैठकांत होतं. भाषा जुनी आहे, पण पहिली चार पानं गेली की कानाला लागते, भांडणाऱ्या बाईचा आवाजच ऐकू येतो. मोठ्याने वाचलं तर अजून मजा येते.

पुढच्या भागात गो. ना. दातारांच्या कादंबऱ्यांबद्दल बोलू. तोवर तुमच्या गावच्या वाचनालयात 'स्त्री पुरुष तुलना' आहे का, तेवढं बघून कळवा. कोणत्या तालुक्यात आहे, कोणत्या तालुक्यात नाही, याची यादी मी करायला घेतलीय. घाटावरची आणि घाटाखालची, दोन्ही.

भेटू मंडळी. नमस्कार.